तीन महिने पुढचं घर

थर्मामीटरचा पारा आठावर उतरला होता, त्या सकाळी वेलांटीरावांनी बायकोसमोर काकडीचं गार सूप ठेवलं. वर पुदिन्याचं एक पान तरंगत होतं. बायकोने आधी पानाकडे पाहिलं, मग खिडकीच्या काचेबाहेरच्या धुक्याकडे आणि शेवटी नवऱ्याकडे.

"हे काय आहे?"

"दाह शमवणारं आहे."

"कुणाचा दाह?"

"वाचकांचा," वेलांटीराव म्हणाले आणि नजर चुकवून स्वतःचं सूप ढवळत बसले.

वेलांटीराव हे काही त्यांचं बारशातलं नाव नव्हे. एका आरोग्यविषयक मासिकात ते एकोणीस वर्षं मुद्रितशोधक होते आणि दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करता करता हे नाव त्यांना चिकटलं होतं. दीड वर्षापूर्वी ऋतुचर्येचं सदर लिहिणारे गृहस्थ न सांगता गाव सोडून गेले. अंक छपाईला जायचा होता आणि दोन पानं कोरी होती. संपादकबाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे लेख इतकी वर्षं वाचताय, तुम्हीच काहीतरी लिहून टाका." वेलांटीरावांनी लिहिलं आणि खाली 'ऋतुमित्र' अशी सही ठोकली. जन्मभर लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाचं स्वतःचं वाक्य पहिल्यांदा छापून आलं, तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. हे त्यांनी बायकोला सांगितलंही होतं. सांगायला नको होतं.

सदर चालू राहिलं, ते त्यांचंच झालं आणि तिथूनच घराची दशा फिरली. मासिक लांबलांबच्या गावांना जात असे, म्हणून मजकूर तीन महिने आधी तयार लागे. वेलांटीराव पडले प्रामाणिक. स्वतः करून, घरच्यांना खाऊ घालून पाहिल्याशिवाय एकही कृती छापायची नाही, असा त्यांचा नेम. त्यामुळे वाचक ग्रीष्मात ग्रीष्माचं खात, पण ऋतुमित्राचं घर ऐन थंडीत ग्रीष्माचं खाई. भर उन्हाळ्यात त्यांच्याकडे पावसाळ्याची सुंठ, मिरी आणि अंगाला कोमट तेल. आता दात वाजत असताना काकडी, धण्याचं पाणी आणि सातूचं पीठ घातलेलं गार पेय. ऋतूप्रमाणे जगा असं साऱ्या जगाला सांगणाऱ्या माणसाच्या घरात ऋतू तेवढा कधीच हजर नसे.

"बाबा," कॉलेजातल्या लेकीने एकदा अगदी साधेपणाने विचारलं होतं, "आपल्या घरी सध्या कोणता महिना चालू आहे? मैत्रिणीला जेवायला बोलवायचंय, तिला कपडे कसे घालून ये म्हणून सांगू?"

छापून आलेला अंक घरात आणून त्याप्रमाणे जेवावं, हे वेलांटीरावांना सुचलंच नाही असं नव्हे. पण छापून येईपर्यंत तो मजकूर त्यांनी चार वेळा तपासलेला असे. पाचव्यांदा त्याचं तोंड पाहायची त्यांची तयारी नसे.

घरात चौथं माणूस म्हणजे सासूबाई. इस्पितळाच्या स्वयंपाकघरावर त्यांनी तीस वर्षं देखरेख केली होती आणि निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्या होत्या. जावयाच्या हातचा एक घासही त्या तोंडात घालत नसत. "माझं मी बघते," एवढंच म्हणून विजेच्या शेगडीवर मागच्या बाजूला स्वतःपुरतं काहीतरी शिजवत आणि खोलीत नेऊन खात. त्यांना आपलं काहीच पसंत नाही, अशी वेलांटीरावांची खात्री होती. ते दुखणं ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण ते होतं.

तर त्याच दिवशी ऑफिसात संपादकबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. समोर एक पांढऱ्या मिशांचे वृद्ध गृहस्थ बसले होते.

"हे वैद्यबुवा. आजपासून आपले सल्लागार," बाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं असं, की हे सदर जाणकाराने लिहावं."

"मजकुरात चूक नाही," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. "पण वाचून वाटतं, लिहिणाऱ्याने हे कधी योग्य वेळी खाल्लेलं नाही."

वेलांटीरावांना सदर हातचं जाताना दिसलं.

"असं कसं," ते म्हणाले. "आमचं सगळं घर ऋतूप्रमाणे चालतं."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलला की गरजेपेक्षा जास्त बोलतो. आमच्याकडे ताटच काय, पडदेसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतात, असं ते सांगून बसले.

"मग झालं तर," बाई खूश झाल्या. "रविवारी दुपारी आम्ही दोघं जेवायलाच येतो. वैद्यबुवांची खात्री पटली तर सदर तुमचं. नाहीतर ते वैद्यबुवा लिहितील आणि तुम्ही तपासाल. आणि येणारच आहे तर ग्रीष्माच्या अंकासाठी तुमच्या घरचे फोटो काढते. टेबल उन्हाळ्याचं दिसू दे हं. पडदेही."

जिना उतरताना वेलांटीरावांना घोळ उमगला. बाईंना फोटोसाठी उन्हाळा हवा होता आणि वैद्यबुवांना पुराव्यासाठी थंडी हवी होती. दोघं एकाच वेळी, एकाच दारातून येणार होते.

घरी येऊन त्यांनी योजना मांडली. बाहेरच्या खोलीत उन्हाळा आणि स्वयंपाकघरात थंडी. आधी बाहेर फोटो काढायचे, तेवढ्या वेळात वैद्यबुवांना आत नेऊन आल्याचं गरम कढण पाजायचं.

"आणि आम्ही कुठल्या ऋतूत बसायचं?" बायकोने विचारलं.

"उन्हाळ्यात. सुती कपड्यांत. दहाच मिनिटं."

"सदर गेलं तर काय होईल?"

वेलांटीरावांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. "काही नाही," ते म्हणाले. "मी पुन्हा वेलांट्या बघत बसेन."

बायको चष्म्यांच्या दुकानात काउंटरवर होती. कोणाला खरंच दिसत नाही आणि कोण उगाच डोळे बारीक करतंय, हे तिला चटकन कळे. तिने कपाटातून बिनबाह्यांचा ड्रेस काढला आणि लेकीलाही एक दिला. सासूबाईंनी दारातून हे सगळं पाहिलं, शाल घट्ट लपेटली आणि त्या खोलीत गेल्या.

रविवार उगवला तो त्या वर्षातला सगळ्यात गारठ्याचा. वेलांटीरावांनी पांढरे पातळ पडदे लावले. ते हलायला हवेत म्हणून खिडक्या सताड उघडल्या. टेबलावर काकडी, कलिंगडाच्या फोडी आणि वाळ्याच्या पाण्याचा जग मांडला. कलिंगड मिळवताना तर नाकी नऊ आले होते. सात दुकानं पालथी घालून मिळालं, तेही आतून पांढरटच. बायकोचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा त्यांना दया आली आणि त्यांनी हीटर आणून टेबलाखाली ठेवला. तो दिसू नये म्हणून टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत सोडला.

पाहुणे वेळेवर आले. बाईंनी लगेच फोन सरसावला. "वा, छान. हसा. आणखी थोडं हसा. ताई, तुम्ही हलताय."

"नाही, मी स्थिरच आहे," बायको दात वाजवत म्हणाली.

"मग फोटो का हलतोय?"

लेकीने कलिंगडाची फोड हातात घेतली, कॅमेऱ्याकडे पाहून गोड हसली आणि सगळ्या टेबलावर शिंकली. वेलांटीराव वैद्यबुवांना आत न्यायला वळले. पण म्हातारा माणूस जिना चढून दमला होता. तो समोरची खुर्ची ओढून थेट उन्हाळ्यातच बसला. पाय लांब केले आणि क्षणभराने खाली वाकून पाहू लागला.

"तुमच्याकडे ऊन टेबलाखालून येतं का?" वैद्यबुवांनी विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत जळकट वास आला. टेबलक्लॉथचा कोपरा हीटरला टेकला होता. बायकोने उडी मारून वाळ्याच्या पाण्याचा अख्खा जग टेबलाखाली ओतला. फट् असा आवाज झाला आणि घरातली सगळी वीज गेली. आग विझली हे खरं, पण वैद्यबुवांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत गार, सुगंधी पाण्यात भिजले. स्वयंपाकघरातली विजेची शेगडीही थंड पडली आणि वेलांटीरावांनी पुरावा म्हणून चढवलेलं कढण अर्धं कच्चंच राहिलं. म्हणजे आता घरात थंडी होती, फक्त थंडीचं जेवण नव्हतं.

वैद्यबुवांनी ओले मोजे काढले, पाय वर घेतले आणि म्हणाले, "या इकडे. एकेकाची नाडी बघू."

बायकोचा हात त्यांनी धरला आणि मान हलवली. लेकीचा धरला आणि पुन्हा हलवली. वेलांटीरावांच्या मनगटावर मात्र बोटं बराच वेळ राहिली.

"तुम्ही सध्या कोणत्या ऋतूत आहात?"

सांगायला हजार गोष्टी होत्या. पण पायाखाली पाणी होतं, बायको कुडकुडत होती आणि पडदे वेड्यासारखे फडफडत होते.

"ग्रीष्मात," वेलांटीराव म्हणाले. "दीड वर्ष झालं, मी तीन महिने पुढेच आहे." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. छपाईची तारीख, आधी करून बघायचा नेम, उन्हाळ्यातली सुंठ आणि थंडीतली काकडी. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच कळत गेलं, की लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते याहून वेगळं नसतं. संपादकबाई हसू दाबत होत्या. ते दाबलेलं हसू वेलांटीरावांना फार लागलं.

"म्हणजे या लेखांप्रमाणे वेळच्या वेळी जेवणारं माणूस तुम्ही एकही पाहिलेलं नाही," वैद्यबुवा म्हणाले. "मग सदर..."

तेवढ्यात सासूबाई खोलीतून बाहेर आल्या. अंगावर शाल, डोक्याला रुमाल आणि हातात वाफाळतं भांडं. वीज जायच्या आधीच त्यांचं शिजवून, झाकून ठेवून झालं होतं. त्यांनी आधी खिडक्या लावल्या, लेकीच्या आणि नातीच्या अंगावर एकेक चादर टाकली आणि वैद्यबुवांसमोर वाटी ठेवली. आल्याचं, तुपाची धार सोडलेलं दाट कढण होतं. वैद्यबुवांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, वाटी संपवली.

"हात बघू तुमचा," ते म्हणाले.

त्यांनी नाडी धरली. त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. "वय काय म्हणालात?"

"म्हणाले नाही. एकाहत्तर."

"एकाहत्तरला अशी नाडी मी फार कमी पाहिली. खाता काय तुम्ही?"

"ह्यांचंच," सासूबाईंनी जावयाकडे मान उडवली. "दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून अंक आणते. त्यात असेल ते."

वेलांटीरावांना ऐकलेलं खरं वाटेना. "माझं? पण तुम्ही तर माझ्या हातचं..."

"तुमच्या हातचं नाही खात. ते भलत्याच वेळी असतं. छापून येतं ते वेळेवर येतं."

संपादकबाई खुर्चीतून उठल्या. हे सदर लिहिणाऱ्याच्याच घरात कुणाला तरी मानवलंय, म्हणजे प्रश्नच मिटला, असं त्या म्हणू लागल्या. वेलांटीरावांचा ऊर दीड वर्षात पहिल्यांदा भरून आला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. पण सासूबाई खोलीत जाऊन पंधरा अंकांचा गठ्ठा घेऊन आल्या.

"थोडं दुरुस्त करून खाते, एवढंच," त्या म्हणाल्या.

बाईंनी वरचा अंक उघडला. सदराची दोन्ही पानं पेन्सिलीने भरली होती. दोन चमचे सुंठीच्या जागी पाव चमचा. 'मंद आचेवर एक तास' खोडून वीस मिनिटं. एका अख्ख्या कृतीवर फुली आणि शेजारी बारीक अक्षरात, 'हे माणसासाठी नाही.' वैद्यबुवा चष्मा लावून पानामागून पान वाचत गेले आणि मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

"सदर तुम्हीच लिहा," शेवटी ते सासूबाईंना म्हणाले. संपादकबाईंनी जोरात मान डोलावली.

वेलांटीरावांनी मान खाली घातली. वर यायला लागलेला माणूस पुन्हा खाली ढकलला जावा, तसं त्यांना झालं.

"छे, मला नाही जमायचं," सासूबाई म्हणाल्या. "लिहायचं म्हणजे आधी काहीतरी सुचावं लागतं. मला फक्त दुसऱ्याचं चुकलेलं दिसतं. ह्यांना चुकू दे, मी दुरुस्त करीन."

वेलांटीराव त्यांच्याकडे बघतच राहिले. या घरात आपलं सख्खं नातं कुणाशी असेल तर ते सासूबाईंशी, हे त्यांना त्या घटकेला पहिल्यांदाच कळलं.

व्यवस्था तशीच ठरली. पाहुणे गेले, वीज आली, बायको आणि लेक गरम कढण पिऊन पांघरुणात शिरल्या. वेलांटीराव सासूबाईंसमोर बसले.

"दीड वर्षात एकदा तरी सांगायचंत मला."

"छापून झाल्यावर सांगून उपयोग काय? आणि छापायच्या आधी तुम्ही कधी विचारलंत?"

ते उठले, ग्रीष्माच्या लेखाचं हस्तलिखित आणलं आणि खिशातलं लाल पेन काढून सोबत ठेवलं. सासूबाईंनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिला परिच्छेद सुरुवातीपासून शेवटपर्यंत उडवून टाकला. वेलांटीरावांनी दुसरं पान पुढे सरकवलं. तो परिच्छेद दुसऱ्या कुणी लिहिला असता, तर त्यांनीही उडवलाच असता.