काकूंच्या डब्यातली कूपनं

बायकोचा फोन बंद करायचा नाही, एवढाच माझा निर्णय होता. ती गेली, पण फोन अजून टिंगटिंग वाजायचा आणि घरात तेवढाच आवाज उरला होता.

वाजवणाऱ्या होत्या तिच्या कूपन-ग्रुपमधल्या बायका. वर्तमानपत्रातली कूपनं कापून स्वस्तात खरेदी करायचं शास्त्र तिने त्यांना शिकवलं होतं, म्हणून त्या तिला काकू म्हणत. ती गेल्याचं त्यांना सांगायला मला धीर झाला नाही. उलट मीच काकू झालो.

पहिल्याच दिवशी विचारणा आली, "काकू, साबणाला बोगो आहे, घेऊ का?" मी लिहिलं, "घे, पण जपून." (बोगो म्हणजे एकावर एक फुकट. हे मला नंतर कळलं. त्यात जपण्यासारखं काही नसतं.) मग मी अभ्यासाला बसलो. ओओपी म्हणजे शेवटी खिशातून गेलेले पैसे. वायएमएमव्ही म्हणजे या दुकानात चाललं म्हणून त्या दुकानात चालेलच असं नाही. ती असताना कधी विचारलं असतं, तर तिने किती आनंदाने समजावलं असतं! तेव्हा मी पेपरला भोकं पडतात म्हणून कुरकुरत होतो.

तिच्या बिस्किटांच्या डब्यात कूपनांचा ढीग होता. रोज एकाचा फोटो मी ग्रुपवर टाकू लागलो. बायका 'थँक्यू काकू' म्हणायच्या आणि माझा दिवस बरा जायचा.

मग दुकानात मोठा सेल लागला आणि काकूंना बोलावणं आलं. ती माहेरी गेलीय, असं सांगायचं ठरवून डबा घेऊन मीच गेलो. ग्रुपमधल्या दोघी, एक शिक्षिका आणि एक शिवणकामवाली, माझ्या मागेच उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या मुलीने एकेक कूपन पाहिलं आणि सगळी परत केली. म्हणाली, "काका, यांची मुदत कधीच संपलीय."

मी ती गोळा करू लागलो. शिक्षिकेने खाली पडलेलं एक उचलून दिलं.

"काकूंनी कधी मुदत बघितल्याशिवाय कूपन टाकलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं, काका."

"मग बोलला का नाहीत?"

"काकू ऑनलाइन दिसायच्या ना. बरं वाटायचं."

मला रडू आवरेना. तिथेच, टूथपेस्टच्या ढिगाशेजारी, मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो की ती गेली. शिवणकामवालीने पदराने डोळे पुसले आणि माझी पिशवी स्वतःकडे घेतली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, इतके दिवस माझी बाद कूपनं घेऊन त्यांनी खरेदी तरी कशी केली? दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"त्यासाठी आम्ही दुसरा ग्रुप काढलाय," शिक्षिका म्हणाली. "त्यात तुम्ही नाही."