एसएसडीचा मानपान

भरल्या पंगतीत कुणी पितळी ताट पुढं ढकललं की शहाबादी फरशीवर एक आवाज होतो. तो मी लहानपणी थोरल्या बहिणीच्या लग्नात ऐकला होता, आणि गेल्या मंगळवारी सकाळी तोच आवाज सुनेच्या लॅपटॉपमधून आला, कारण आतला एसएसडी, म्हणजे सगळं साठवून ठेवणारा भाग, रुसला होता.

लॅपटॉप सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली. मला इंग्रजी येत नाही. वैजयंतानं, म्हणजे माझ्या सुनेनं, वाचून सांगितलं, की सुरू करणारं कुणी सापडत नाही, असं लिहिलंय.

वैजयंता साड्यांच्या काठांची नक्षी काढते. सहा वर्षांत तिनं बासष्ट काठ काढले आणि ते सगळे त्या एसएसडीत होते. दुसरीकडं कुठंच नव्हते. शुक्रवारी अकरा वाजता आमच्या इचलकरंजीतली एक विणकर सोसायटी कायमचा नक्षीकार नेमणार होती. काठ बघितल्याशिवाय ती कुणालाच नेमत नाही.

लॅपटॉप दुरुस्त करणारा जमीर मुजावर दुकान बंद करून घरी आला. दोन वर्षांपूर्वी हा एसएसडी त्यानंच बसवला होता आणि तोवरचे काठ त्यात भरून दिले होते. त्यानं झाकण उघडून तो बाहेर काढला. बडीशेपेच्या पुडीएवढा जीव. त्याचे पिवळे दात खोडरबरानं पुसले, परत बसवला, एक बटण दाबून धरलं आणि पडद्यावर यादी आणली.

"नाव दिसतंय," जमीर म्हणाला. "म्हणजे गेलेला नाही. घरातच आहे, पंगतीला येत नाही."

मी त्याला आवाजाचं सांगितलं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळं आवाज यायचा प्रश्नच नाही, असं त्यानं मला नीट समजावलं. मग लॅपटॉपला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि माझं बरोबर असल्याचं कबूल केलं. रुसलेला माणूस घरच्यांशी थेट बोलत नाही, तिऱ्हाइताकडून निरोप धाडतो. तेव्हापासून निरोप जमीरकडून येऊ लागले.

पहिला निरोप यादीबद्दल होता. लॅपटॉप सुरू करताना आधी कुणाला विचारायचं याची ती यादी. पहिलं नाव पेन ड्राइव्हचं, दुसरं नेटवर्कचं, तिसरं एसएसडीचं. चूक जमीरची; बसवताना पेन ड्राइव्ह वापरला आणि नंतर नावं खालीवर करायची राहून गेली. एसएसडीनं दोन वर्षं हा अपमान गिळला. पण सोमवारी सोसायटीच्या कारकुनानं अर्जासाठी एक पेन ड्राइव्ह दिला, तो तसाच खाचेत राहिला, आणि मंगळवारी लॅपटॉपनं घरचं माणूस सोडून आधी त्या पाहुण्याला विचारलं.

मी जन्मभर माग चालवला. मागाला तेल दिलं की तो चालतो, मान मागत नाही. हे मी मनातच ठेवलं.

जमीरनं एसएसडीचं नाव वर घेतलं. काही झालं नाही. दुसरा निरोप आला, की नाव गुपचूप वर घेतलेलं चालणार नाही, पाच माणसांसमोर घ्या. माझा मुलगा महादेव अशा कामात हौशी. तो अर्धी रजा टाकून आला, गल्लीतल्या पाच जणांना बोलावलं, त्यांच्यादेखत नाव परत खाली नेऊन परत वर आणवलं. टाळ्या झाल्या.

बुधवारी तिसरा निरोप: पाट, रांगोळी, उपरणं, नारळ. महादेवनं सगळं केलं. आईच्या साठीला त्यानं यातलं निम्मंही केलं नव्हतं. लॅपटॉपला पाटावर बसवून उपरणं पांघरलं. जमीरनं अक्षता तेवढ्या टाकू दिल्या नाहीत, कीबोर्डात जातात म्हणून. पेन ड्राइव्हला डब्यात घालून माळ्यावर टाकलं. त्याची आत नोंद घेतली गेली, असं जमीरनं कळवलं. पडदा काळाच राहिला.

या सगळ्यात वैजयंता आतल्या खोलीत ग्राफचा कागद घेऊन बसली होती. एक चौकोन म्हणजे एक धागा. आठवेल तो काठ ती पेन्सिलनं चौकोन भरत परत काढत होती. मी चहा नेऊन ठेवायचो, पेन्सिलींना टोक करून द्यायचो. तेवढं मला येतं. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत अकरा काठ झाले. बाहेर पुरुषमाणसं पाटाभोवती बसून, एसएसडी स्वभावानं मुळात वाईट नाही, यावर बोलत होती.

शुक्रवारी सकाळी शेवटचा निरोप आला. जमीरनं तो खाली बघत सांगितला. एसएसडी सुरू व्हायला तयार आहे. वैजयंतानं समोर येऊन वाकून नमस्कार करावा आणि म्हणावं, की काठ तुमच्यामुळं झाले, मी आपली निमित्ताला.

"झालं की मग," महादेव म्हणाला. "दोन शब्दांचं काम."

वैजयंता दारात येऊन उभी राहिली. बोटं शिशानं काळी झाली होती. "काढले कुणी?" तिनं विचारलं.

"काढलेस तूच. पण सांभाळले त्यानं. वाकल्यानं कुणाची कंबर मोडत नाही."

बहिणीच्या लग्नात आमच्या वडलांनी नवरदेवाच्या रुसलेल्या चुलत्याच्या पायांवर पागोटं ठेवलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होतो. पागोटं उचलून द्यावं, एवढंही मला सुचलं नव्हतं.

"जमीर," मी म्हणालो, "आत निरोप दे. ही वाकायची नाही."

जमीरनं लॅपटॉपशी वाकून तो शब्दन् शब्द सांगितला. महादेव माझ्याकडं बघत राहिला. या घरात माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही.

साडेदहाला वैजयंतानं कागदांची गुंडाळी करून सुतानं बांधली. ती पाटाशेजारून गेली तेव्हा लॅपटॉप आपणहून सुरू झाला. पंखा घुमला, उपरण्याखालून निळा उजेड आला आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट उघडली. पासवर्ड तिला एकटीलाच ठाऊक होता, आणि तो टाकायला पाटासमोर वाकावं लागणार होतं. महादेवनं घाईनं उपरणं बाजूला केलं, पाटासमोर तिच्यासाठी चटई टाकली आणि ती हातानं झटकलीसुद्धा. पडद्यावरची रेघ लुकलुकत राहिली.

वैजयंतानं चपला पायांत सरकवल्या, गुंडाळी काखेत धरली आणि जिना उतरून गेली.