लाखोरीचा डॉक्टर

घाटंजीत सुदाम डॉक्टरांना कुणी "यंदा वांगी गोड आहेत" एवढं जरी म्हटलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "दुसरी बाटली कोठं हाय?"

नवख्या माणसाचा भलताच समज होतो. पण डॉक्टर पाण्याशिवाय काही पीत नाहीत, आणि पाणीही उकळून पितात. ही बाटली प्रयोगातली. एका बाटलीत औषध घालायचं, दुसरीत नाही, बाकी सगळं सारखं ठेवायचं. मग जो फरक पडेल तो औषधाचा. प्रयोगशाळेतला हा नियम त्यांनी उचलला आणि साऱ्या गावाला लावला. एकदा एक गृहस्थ त्यांच्यासाठी स्थळ घेऊन आले. "पोरगी लय पायगुणाची हाय. तिच्या जन्मानंतर बापाले नोकरी लागली." डॉक्टर म्हणाले, "अन् पोरगी झाली नसती तं लागली नसती, हे कशावरून? दुसरी बाटली कोठं हाय?" गृहस्थांनी चहा अर्धा ठेवला आणि चपला घातल्या. डॉक्टर अजून बिनलग्नाचे आहेत.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी छापखान्यात खिळे जुळवतो. दिवसा लग्नपत्रिका, उरलेल्या वेळात पत्रकं. "आमच्या सभेच्या दणक्याने गावची विहीर दलितांना खुली!" असं मथळ्याचं पत्रक मी एकदा त्यांना दाखवायला नेलं.

"काय पत्रकवाले," ते म्हणाले, "शेजारच्या गावात सभा झाली का?"

"नाई."

"तेथची विहीर खुली झाली का?"

"मले काय माईत?"

"मंग जाऊन पाह्य ना बे!"

भर उन्हात सायकल मारत गेलो. तिथली विहीर बंदच होती. परत येऊन तावातावानं सांगितलं, तर म्हणाले, "हं. आता छाप." मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी त्यांना जयभीमही न करता निघून आलो. पण खरं सांगायचं तर आयुष्यात मी काढलेल्या पत्रकांपैकी ज्याला कुणाला उत्तर देता आलं नाही, असं हे एकच.

सुदाम डॉक्टर सुया टोचणारे डॉक्टर नाहीत. ते जीवरसायनाचे पीएच.डी. आहेत. आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक तेच, पहिले बी.एस्सी. तेच आणि पीएच.डी. तर अख्ख्या पंचक्रोशीत पहिले. नागपुराहून पदवी घेऊन आले, तेव्हा कॉलेजांनी त्यांचे अर्ज कुठल्या टोपलीत टाकले ते त्या टोपल्यांनाच ठाऊक. आता ते हायस्कुलात पोरांना ऑक्सिजन कसा तयार करतात ते शिकवतात. मला याचा राग येतो. त्यांना येत नाही, याचा त्याहून जास्त येतो.

त्यांचा ध्यास एकच, लाखोरी. ही डाळ कसल्याही जमिनीत येते, पाणी नसलं तरी येते, म्हणून वाईट वर्षात गरिबाच्या पोटात तीच जाते. शेतमालक मजुरी म्हणून लाखोरी मोजून द्यायचे आणि स्वतः तुरीचं वरण ओरपायचे. सलग काही महिने नुसती लाखोरी खाल्ली की धडधाकट गड्याचे पाय आखडतात. आधी काठी येते, मग दोन काठ्या, मग माणूस जमिनीवर बसतो तो बसतोच. डॉक्टरांच्या बाचं असंच झालं. म्हातारा दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरून अंगणात सरपटतो. ठोकळ्यांचा तो टक्-टक् आवाज ऐकत डॉक्टरांनी पाढे पाठ केले, आणि रसायनशास्त्रही.

डाळीतलं नेमकं कोणतं द्रव्य शरीरातल्या नेमक्या कोणत्या जागी जाऊन बसतं, हे त्यांना हुडकायचं आहे. त्यासाठी त्यांनी घरामागं कोंबड्या पाळल्या. लाल दोऱ्याच्या कोंबड्यांना लाखोरीचा अर्क, पांढऱ्या दोऱ्याच्यांना साधा दाणा. एकदा शेजारच्या गिरजाबाईंचा जावई अवचित आला. गिरजाबाईंनी कुंपणावरून हात घातला आणि त्यातल्या त्यात धट्टीकट्टी कोंबडी उचलली. डॉक्टर शाळेतून आले, मोजणी केली आणि बोंबलत सुटले.

"बाई, कोनत्या दोऱ्याची कापली?"

"पांढऱ्या. उद्या दुसरी आनून देईन, डॉक्टर. कायले एवढं?"

"अवं, लाल दोऱ्याची काहून नाई कापली?"

जावयानं हातातला घास ताटात ठेवला. "लाल दोऱ्याच्या कोंबडीत काय हाय?"

"ईष," डॉक्टर कळवळून म्हणाले. जावई त्यानंतर दोन वर्षं सासुरवाडीला फिरकला नाही.

पण कोंबड्यांनी आणि रॉकेलच्या स्टोव्हनं जेवढं कळायचं तेवढं कळून झालं होतं. पुढचं काम मोठ्या यंत्रांचं. म्हणून डॉक्टरांनी परदेशांतल्या प्रयोगशाळांना पत्रं लिहायला सुरुवात केली. पीएच.डी. नंतरचं संशोधन करायला दोन वर्षं जागा द्या, अशी. वस्तीला हे कोडंच होतं. गिरजाबाई म्हणाल्या, "एवढं शिकल्यावर अजून काय शिकाचं राह्यलं?" डॉक्टर म्हणाले, "बाई, पीएच.डी. म्हंजे नुसतं सायकल चालवता येनं. जायाचं कोठं, ते आता सुरू होते."

आणि एक दिवस उत्तर आलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं लिहिलं होतं की तुमचं काम वाचून आनंद झाला. या, जागा आहे, राहण्याखाण्याची सोय करतो. फक्त येण्याजाण्याचा खर्च तुमच्या सरकारनं करावा.

सरकारची तशी शिष्यवृत्ती होतीच. आमच्यासारख्यांसाठीच होती. आम्ही दोघं एसटीनं यवतमाळला गेलो. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, मान डोलावली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. धर्म. डॉक्टरांनी लिहिलं होतं, बौद्ध.

"हे नाई चालत, डॉक्टरसाहेब. सवलत जुन्या जातीले हाय. धर्म बदलला, सवलत गेली. हिंदू लिहा, त्याच्यापुढं जुनी जात लिहा, दुपारपर्यंत सर्टिफिकेट घेऊन जा. तिकडं विलायतेत कोन इचारते?"

मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, धर्म बदलला म्हणून गावानं आम्हाला पाटलाच्या ओसरीवर बसवलं का? चहाच्या दुकानातली वेगळी कपबशी गेली का? ज्या जातीनं नाडलं ती अंगाला चिकटूनच आहे. मग तिची भरपाई तेवढी कशी गळून पडली? छप्पन साली जे ओझं आम्ही लाखोंनी खाली टाकलं, ते पुन्हा डोक्यावर घ्या, मग भाकर देतो, असं सांगणारा हा कायदा कुणाच्या डोक्यातून निघाला? बरंच बोललो. शिपाई धावत आला.

डॉक्टरांनी माझी बाही ओढली. "ओरडू नको. कायदा यायनं नाई केला." मग कारकुनाला शांतपणे विचारलं, "वर लिहिलेलं खरं हाय, असं खाली कोन सही करते?"

"तुमीच."

"मंग नाई जमत, साहेब. जे दिसलं नाई ते म्या वहीत कधी मांडलं नाई."

अर्ज घडी करून त्यांनी खिशात ठेवला. मला वाटलं होतं, निदान एखादी घोषणा देतील.

वस्तीत बैठक बसली. निम्मे म्हणाले लिहा, निम्मे म्हणाले लिहू नका. शेवटी म्हातारा ठोकळे टेकत मधे आला. "लिही, बापू. बुद्धाले का राग येते? तो समजून घेईन. तू जाय."

दीक्षेच्या वेळी याच म्हाताऱ्याला डॉक्टरांनी खांद्यावर बसवून नागपूरच्या गर्दीत नेलं होतं. सगळे उभे राहून प्रतिज्ञा म्हणत होते, म्हणून म्हाताऱ्यानंही स्वतःला उभं धरायला लावलं होतं. त्याच तोंडून हे ऐकून माझं डोकं फिरलं. पण डॉक्टरांनी नुसतं बाच्या अंगावरचं धोतर नीट केलं. मुदत संपली. अर्ज खिशातच राहिला.

मी सात पानांचं पत्रक लिहिलं. डॉक्टरांनी ते परत दिलं. "माह्या नावानं काढू नको. तुह्या नावानं काढ. अन् हे घे, उतरवून दे. माहं अक्षर तिकडं कोनाले समजनार नाई."

त्या प्राध्यापकाला लिहिलेलं पत्र होतं. येऊ शकत नाही, हे एका ओळीत. पुढं दहा पानं त्यांची सगळी रीत: अर्क कसा काढला, कुठं चुकलं, कोणती वाट वाया गेली, पुढं काय करून पाहावं. सोबत लाखोरीच्या बियांची पुरचुंडी.

"डॉक्टर, हे सगळं देऊन टाकता? ते आपल्या नावानं छापतीन!"

"छापू दे. नाव त्यायचं राहू दे. पाय तं आपल्या लोकायचे हायेत."

मी रागारागानं उतरवत गेलो. शेवटच्या परिच्छेदापाशी थांबलो. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं की ते द्रव्य सापडेल तेव्हा मला कळवा. आणि ज्याचे पाय जाऊन तीस वर्षं झाली अशा माणसाला त्याचा काही उपयोग होईल का, तेही कळवा. होणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु माझ्या वडिलांची समजूत आहे की मी त्यांच्याच पायांसाठी शिकलो. त्यांना हे सांगण्याचं धैर्य मला झालेलं नाही.

मी वर पाहिलं. डॉक्टर पुरचुंडीला टाके घालत होते. एक टाका तिरका गेला, तो उसवून त्यांनी पुन्हा घातला.

ठोकळे वाजले. म्हातारा उंबऱ्यापाशी आला. "झालं का लिहून? काय म्हनते तो साहेब? कवा उभं करते मले?"

"लिहिलं, बा," डॉक्टर खाली मान घालूनच म्हणाले. "पार्सल जहाजानं जाते. उत्तर याले दिवस लागतीन."

"लागू दे," म्हातारा म्हणाला, आणि तिथंच वाट पाहत बसला.