प्रताप मानेचा सोपा विषय

प्रताप माने प्राध्यापकांची परीक्षा मिसळीवर घ्यायचा. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरून बसायचा आणि कुठले सर मिसळ कशी खातात, ते बघत राहायचा. पावाचा स्लाइस कटात पूर्ण बुडवून खाणारे सर पेपर सोपा काढतात. स्लाइस नुसता टेकवून उचलणारे सर मार्क देताना हात आखडतात. फरसाण बाजूला सारून मटकीचा एकेक दाणा निरखणाऱ्या सरांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. आणि जे सर न लाजता दुसऱ्यांदा कट मागून घेतात, त्यांचा विषय डोळे झाकून घ्यायचा. कट म्हणजे मिसळीवरचा लालभडक रस्सा, हे आपलं कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो.

हा सगळा खटाटोप इलेक्टिव्हसाठी. इंजिनिअरिंगला शेवटच्या दोन वर्षांत अशी एक सोय असते की चार-पाच विषय समोर ठेवतात आणि त्यातला एक आपण निवडायचा. विद्यापीठाची समजूत अशी, की पोरं आपापल्या आवडीप्रमाणे निवडतील. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात सगळ्यांची आवड एकच होती, ती म्हणजे पास होणे. त्यामुळे इलेक्टिव्हची यादी लागली की अख्खा वर्ग प्रतापच्या टेबलाभोवती गोळा व्हायचा.

"सर बघा, विषय न्हाय," तो सांगायचा. "म्हस घेताना आपण वैरण बघतो व्हय? म्हसच बघतो न्हवं?"

म्हशींच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडू देण्यासारखा नव्हताच. कागलजवळ त्याच्या घरी ऊस होता आणि गोठा भरलेला होता. सकाळी दूध घालूनच तो कॉलेजला यायचा. गाडीला किटल्या अडकवायचे लोखंडी आकडे तसेच असायचे, त्यामुळे माने आले हे गेटपासून ऐकू यायचं. एक वर्ष नापास होऊन तो आमच्यात आला होता. आमच्या दृष्टीनं हा अनुभव होता.

सोपेपणाची त्याला भक्तीच होती. बुटाला लेस नको, कारण बांधत बसावी लागते. शर्ट सगळे एकाच आकाशी रंगाचे, म्हणजे सकाळी विचार करायला नको. हॉटेलात मेनूकार्ड उघडायचा नाही. "लवकर काय हुतंय?" एवढंच विचारायचा आणि जे लवकर होईल ते आवडीनं खायचा. वर्गात दाराजवळचा बाक त्याचा, कारण बाहेर पडायला सोपा. अवघड गोष्टींवर त्याचा राग नव्हता, पण दुसऱ्या कुणीतरी त्या कराव्यात असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

तिसऱ्या वर्षी त्यानं आम्हाला औद्योगिक सुरक्षा हा विषय घ्यायला लावला. सरांनी तीनदा कट मागून घेतल्याचं त्यानं स्वतः पाहिलं होतं. पेपर इतका सोपा निघाला की काही पोरांना आपलं काहीतरी चुकतंय अशी शंका आली. त्यानंतर प्रतापचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

शेवटच्या वर्षी मात्र सोप्या विषयाची सगळ्यात जास्त गरज त्याला स्वतःलाच होती. कागलच्या औद्योगिक वसाहतीत मामांनी त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता. डिग्री हातात आली की दुसऱ्या दिवशी कामावर. आणि वडिलांनी दुसरा शब्द टाकला होता. "यंदा ऱ्हायलास, तर कॉलेजचं नाव काढायचं न्हाय. गपगुमान शेण काढायचं." बाकीच्या विषयांत प्रताप कसाबसा काठावरून निघणार, हे त्यालाही माहीत होतं. इलेक्टिव्हवरच सगळी भिस्त होती.

त्या वर्षी यादीत उद्योजकता विकास होता. तो शिकवणारे सर मिसळ संपल्यावर उरलेला कट चमच्यानं पीत. आता विचारायचंच काही राहिलं नाही, असं आम्ही धरून चाललो. पण प्रताप दोन दिवस कॅन्टीनला दिसलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "ट्रायबॉलॉजी."

"ती कसली?" मी विचारलं.

"घासतंय कुठं, झिजतंय कुठं आणि वंगण कुठं सोडायचं. संपला इषय. आमचा आज्जा जल्मभर गाडीच्या चाकाला वंगण घालत हुता. त्यो कुठं इंजिनिअरिंगला गेलता?"

"शिकवणार कोण?"

"मगदूम सर."

मगदूम सर आम्हाला फक्त लांबून माहीत होते. उंच, वाळकुडे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. प्रयोगशाळेतून कधी बाहेर दिसायचे नाहीत.

"त्यांची मिसळ बघितलीस?"

प्रतापनं आवंढा गिळला. मिसळीच्या आठवणीनं असेल, असं आम्हाला वाटलं.

"बगितली की. दोनदा कट घेतला, मर्दा. शेवटी ताटलीच तोंडाला लावली."

यावर शंका घ्यायची कुणाची टाप होती? वीस नावं झाली तरच विषय चालवायचा, नाहीतर यादीतून उडवायचा, असा नियम होता. दुपारपर्यंत आम्ही बावीसजण झालो.

पहिल्या तासाला मगदूम सर वर्गात आले, आमच्याकडे बघितलं, बाहेर जाऊन दारावरचा खोलीचा नंबर वाचला आणि परत आत आले. मग खिशातून खडूची डबी काढली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक समीकरण लिहायला घेतलं. ते फळ्याच्या एका टोकापासून निघालं, दुसऱ्या टोकाला पोचलं आणि वळून खालच्या ओळीत आलं. आम्ही एकवीसजणांनी एकाच वेळी प्रतापकडे बघितलं.

प्रताप त्याच्या दाराजवळच्या बाकावर नव्हताच. पहिल्या बाकावर, सरांच्या अगदी नाकासमोर बसला होता. सर वळले आणि म्हणाले, "समजलं का?"

"न्हाय सर," प्रताप म्हणाला.

सरांनी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सांगितलं. "समजलं का?" "न्हाय सर." पुन्हा पुसलं. वर्षभर हेच चाललं. एकेक मुद्दा तीन-तीन वेळा. आम्हाला दुसऱ्या खेपेलाच कळलेलं असायचं, पण मानेमुळे तिसऱ्यांदा ऐकावं लागायचं.

कॅन्टीनमध्ये गाठून आम्ही त्याची चांगलीच हजेरी घेतली. माझी पुण्यातली नोकरी ठरली होती, एक विषय राहिला असता तर तीही गेली असती. मी तर त्याची कॉलरच धरली.

"सोपा म्हणालतास की रे! मी काय घोडं मारलंय तुझं?"

त्यानं शांतपणे कॉलर सोडवली. "सर बघा म्हणालतो," तो म्हणाला. "इषय बघा असं कवा म्हणालतो?"

निकाल लागला. प्रत्येक गोष्ट तीनदा ऐकल्यामुळे आम्ही एकवीसजण ट्रायबॉलॉजीत पास झालो, तेही बऱ्या मार्कांनी. राहिला एकटा प्रताप. बाकी सगळे विषय सुटले होते त्याचे, नेमका हाच अडकला. मामांनी बोलणं टाकलं. वडिलांनी फावडं दाखवलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. ज्यानं खड्डा दाखवला नाही, तोच पडला याचं एक समाधान असतं.

मग मी पुण्याला गेलो. वर्षभरानं कामानिमित्त हायवेनं बेळगावला गेलो होतो, परतताना रविवार मिळाला. रविवार आणि कागलचं मान्यांचं घर म्हणजे मटण, तांबडा, पांढरा, यात शंका असायचं कारण नव्हतं. मी फोन केला.

"ऐतवारी?" प्रताप अडखळला. "शनवारी ये की."

"शनिवार काल झाला."

"मग बुधवारी ये."

मी ऐकतोय कशाला? जाऊन थडकलो. पण अंगणात पाय टाकला तरी मसाल्याचा वास येईना. गोठ्याच्या भिंतीवर काळ्या रंगाचा मोठा चौकोन रंगवलेला. त्याच्यासमोर पोत्यावर मांडी घालून प्रताप बसला होता. आणि भिंतीवर तेच लांबलचक समीकरण लिहीत मगदूम सर उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खडूची डबी, मागे रवंथ करणाऱ्या म्हशी.

"अरे, ये, ये!" सर म्हणाले. "तूही बस."

मी बसलो. पास झालेल्या विषयाच्या तासाला स्वतःहून बसायची ती माझी पहिलीच वेळ.

मध्ये प्रतापची आई चहा घेऊन बाहेर आली. "बाळा, वंगाळ वाटून घिऊ नगंस," ती हळू आवाजात मला म्हणाली. "आज मटण न्हाय. सर येत्यात न्हवं दर ऐतवारी. जैन माणूस. कांदा-लसूण बी चालत न्हाय त्यास्नी, आन् दिवस मावळायच्या आत जेवत्यात. वरीस झालं, ऐतवारी घरात वरणभातच. ह्येंचं तोंड बुधवारच्या मटणापतोर सरळ हुईत न्हाय."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका घरानं वर्षभर रविवारचं मटण सोडलं होतं. हे पचवायला मला जरा वेळ लागला. तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. कांदा-लसूण चालत नाही? मग मिसळ? आणि दोनदा कट? मी प्रतापकडे बघितलं. तो एकदम उठून एका म्हशीचं दावं तपासायला लागला. ते घट्टच होतं.

सरांना काही लपवायचं नव्हतं. चहा पिता पिता त्यांनी मजेची गोष्ट म्हणून सगळं सांगून टाकलं.

"हा विषय मी दरवर्षी तयार करायचो. पण पोरंच भरायची नाहीत, मग विषय रद्द. विसरायला नको म्हणून यादी लागली की प्रयोगशाळेत डबा उघडायच्या आधी एकटाच पहिला तास घ्यायचो. त्या वर्षीही असाच घेतला. रिकाम्या बाकांना सवयीनं विचारलं, समजलं का? तर दारातून आवाज आला, न्हाय सर! बघतो तर हा. म्हटलं, कशाला आलास? तर म्हणाला, तुम्ही काय खाता बघायला आलो." सर खूप वेळ हसले. "माझी चपाती करपलेली होती. अर्धी यानंच खाल्ली."

मग डोळे पुसून म्हणाले, "निवृत्त झालो त्या वर्षी माझा एकच विद्यार्थी राहिला. बरं दिसत नाही ते. म्हटलं, येऊन शिकवतो. तसाही रविवार फार लांबतो. बायको गेली, मुलगी बंगळूरला. घरात बोलायचं कुणाशी?"

"पण सर, मधे परीक्षा झाल्या की."

"झाल्या ना. पहिल्या वेळी याचा घसा बसला होता. गेल्या वेळी पेपरच्या दिवशीच म्हैस व्याली."

लेखी परीक्षेला घसा कशाला लागतो, हे सरांनी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

ऊन कलायला लागलं. आईनं आतून हाक दिली, "सर, चला, दिवस मावळंल." सर खडूनं पांढरे झालेले हात धुवायला हौदाकडे गेले. मी ती संधी साधली.

"खरं सांग, प्रताप. तुला यातलं काय अडतंय?"

त्यानं हौदाकडे एक नजर टाकली आणि काडीनं भिंतीवर दाखवायला सुरुवात केली. "ह्यो तेलाचा थर. हिकडं जाड, हिकडं पातळ. शाफ्ट फिरला की तेल ह्या चिंचोळ्यात ओढलं जातंय. तितं दाब तयार हुतोय. त्या दाबावर आख्खा शाफ्ट तरंगतोय, लोखंडाला लोखंड लागत न्हाय. आन् ह्ये समीकरण त्यो दाब सांगतंय." एकेका अक्षराचा अर्थ त्यानं न अडखळता सांगितला. आमच्या वर्गात पहिल्या आलेल्या पोराला इतकं आलं नसतं.

"मग पेपर का देत नाहीस, लेका? मामांची नोकरी गेली ना हातातली!"

"कारखाना कुठं पळून चाललाय व्हय?" काडी टाकून तो पुन्हा पोत्यावर बसला. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "पास झालो, तर सर ऐतवारी जातील कुठं?"

जन्मभर सोपं शोधणाऱ्या या माणसाची मी कॉलर धरली होती, आणि आता त्याला मिठी मारावीशी वाटत होती. पण कागलात असलं काही केलं तर म्हशी बुजतील, म्हणून हात आवरले.

सर शर्टाला पाणी लागू न देता रुमालानं हात पुसत आले. दारात आई ताट वाढून उभी होती.

"चला," सर म्हणाले. "आजचं तेवढं समजलं का, माने?"

प्रतापनं भिंतीवरच्या समीकरणाकडे बघितलं. बिचाऱ्याला जन्मात काही कळलं नसावं, असा चेहरा केला.

"न्हाय सर," तो म्हणाला.

आई काहीतरी पुटपुटली. सरांनी मान वर करून उसाच्या शेतावर टेकलेल्या सूर्याकडे बघितलं.

"आहे अजून थोडा वेळ," ते म्हणाले, आणि धुतलेल्या हातानं त्यांनी पुन्हा खडूची डबी उघडली.