म्हाताऱ्याचं सोंग

या वर्षी शिक्षकांच्या खोलीत, टेबलाशी बसून, माणसांत डबा खायचा, असं प्राध्यापक ऑर्विल टेस्डाल यांनी पक्कं ठरवलं होतं. अवघड काय त्यात? दार ढकलायचं, नमस्कार करायचा, खुर्ची ओढायची. बायको गेल्यापासून ते घरी एकटेच जेवत. निदान दुपारी तरी समोर एखादं बोलतं माणूस असावं, एवढीच अपेक्षा.

ऑगस्टातला हा बेत ऑक्टोबर आला तरी गाडीतच अडकला होता. म्हणजे टेस्डाल अजून गाडीतच जेवत होते.

ते शिकवत कॉलेजचा इतिहास, पण आयोवातल्या एका हायस्कुलात. सतरा वर्षांच्या पोरांना शाळेत बसल्या बसल्या पुढे पदवीला धरले जाणारे कॉलेजचे गुण मिळत. कॉलेज चाळीस मैल दूर. वर्गाची किल्ली मागितली की कॉलेज म्हणे शाळा देईल, शाळा म्हणे कॉलेज देईल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसा हा पाहुणा मोटारीत बसून सँडविच चावत होता. रोज सकाळी कचेरीतली डार्ला मान वर न करता त्यांच्या कोटावर ‘पाहुणा’ अशी पट्टी चिकटवी आणि विचारी, “कोणाला भेटायचंय?”

“माझ्या वर्गाला,” ते म्हणत.

फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या आठवड्यात या शाळेत पोरं-शिक्षक सगळे रोज नवं सोंग घेऊन येतात. त्यातला गुरुवार म्हाताऱ्यांचा. तसा निरोप सगळ्यांना गेला होता. टेस्डाल कोणाच्याच हिशेबात नसल्यामुळे ते आपले रोजच्याच कपड्यांत आले: कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर, गॅलिस, दोरी बांधलेला चष्मा.

डार्लाने प्रथमच मान वर केली. तिने स्वतः पांढरा टोप घातला होता.

“अगंबाई, काय हुबेहूब! परवाच लागलेला नवा बँडमास्तर ना तू? तुला कसली पट्टी? जा आत.”

“नाही हो, मी...”

“आवाजही काढतोय बघा. दुपारी शिक्षकांच्या खोलीत ये हं, सगळे तुझी वाट बघतायत.”

टेस्डाल खरं सांगणारच होते. पण ‘सगळे वाट बघतायत’ हे शब्द कानावर पडले आणि ते तसेच आत गेले.

दुपारी गणिताच्या ह्रुस्काबाईंनी खोटी काठी बाजूला ठेवून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

“बस रे. सुरकुत्या कशाने काढल्यास?”

“वेळ लागला,” टेस्डाल म्हणाले.

“किती?”

“बराच.”

टेबल हसलं. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी खिमा-बटाट्याचं भांडं पुढे सरकवलं.

“आणि हाताची थरथर?”

“ती आपोआप येते.”

पुन्हा हशा. टेस्डालांनी दोनदा वाढून घेतलं. आयुष्यभर खरं बोलून जे जमलं नव्हतं, ते आज खरं बोलूनच जमत होतं. फक्त कोणाचा विश्वास बसत नव्हता.

तासाभरात त्यांना व्यायामशाळेतल्या व्यासपीठावर ढकललं. सोंगांचं पहिलं बक्षीस! मुख्याध्यापक व्हॅनडेबर्ग यांनी माइक पुढे धरला. “आता टोप काढ. खरा चेहरा दाखव पोरांना.”

“काढ! काढ!” सगळी शाळा ओरडू लागली.

टेस्डालांनी चष्मा काढला. समोरचं सगळं धूसर झालं. एवढ्याने भागेना, म्हणून त्यांनी आपलेच केस ओढून पाहिले. दुखलं.

“निघत नाही,” ते हळूच म्हणाले.

छप्पर उडेल इतक्या टाळ्या पडल्या. “शेवटपर्यंत सोंग सोडलं नाही पठ्ठ्याने,” व्हॅनडेबर्ग म्हणाले. मागच्या रांगेत टेस्डालांच्या वर्गातली पोरं तेवढी मान खाली घालून बसली होती.

शुक्रवारी डार्लाने मान वर न करता पट्टी चिकटवली. तरी दुपारी टेस्डाल डबा घेऊन थेट शिक्षकांच्या खोलीत गेले. कालच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता.

“कोण हवंय, काका?” ह्रुस्काबाईंनी विचारलं. “पाहुण्यांनी कचेरीत बसायचं असतं.”

“मी काल इथे...”

“काल आला होतात? मग या आमच्या बँडमास्तरला पाहिलंच असेल. म्हाताऱ्याचं काय सोंग आणलं होतं याने!”

बँडमास्तर खरं तर काल दिवसभर लहान मुलांच्या शाळेत शिकवत होता. सकाळपासून ‘तो मी नव्हेच’ सांगून तो थकला होता. लोकांना तो त्याचा विनय वाटत होता.

“काही विशेष नाही हो,” तो लाजून म्हणाला.

“तुम्हीच सांगा काका,” ह्रुस्काबाई म्हणाल्या. “तुम्ही तर जाणकार. जमलं होतं की नाही?”

सगळं टेबल टेस्डालांकडे बघू लागलं. त्यांनी डबा काखेत नीट धरला.

“छान जमलं होतं,” ते म्हणाले. “फक्त म्हातारा जरा जास्तच खुशीत होता. तेवढं खोटं वाटलं.”