एकूण संख्या अठ्ठेचाळीस

मुलुंडच्या एका स्काउट-गाइड पथकाचं दोन दिवसांचं कुटुंब शिबिर मनोरीला भरायचं होतं. कुटुंबातली माणसं एकमेकांच्या जवळ यावीत, हा त्यामागचा हेतू. कुटुंब म्हणजे आई, वडील आणि पथकातलं मूल, असं परिपत्रकाच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट केलेलं होतं. त्या हिशेबाने सर्वेश परबच्या घरात आठ महिन्यांपासून कुटुंब नव्हतं. त्याची बायको रुचिरा वारली होती, आणि घरात फक्त तो आणि अकरा वर्षांची अबोली राहत होते.

अबोलीला शिबिराला जायचं होतं. सर्वेशला एवढंच हवं होतं, की दोन दिवस तिला कुणी आईबद्दल काही विचारू नये. त्याने मोबाइलवर फॉर्म भरायला घेतला. आईचं नाव लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. नाव लिहिलं तर खाली दोनच पर्याय आले: 'येणार' आणि 'उशिरा येणार'. सर्वेश लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन बटणं असली की त्यातलं एक दाबायचं, एवढं त्याला माहीत. त्याने दुसरं दाबलं.

शनिवारी सकाळी मनोरीची बोट धरायला सगळे मार्वेच्या धक्क्यावर जमले, तेव्हा शिबिरप्रमुख विद्याधर सरांनी शिट्टी वाजवून डोकी मोजली. सत्तेचाळीस भरली. यादीत अठ्ठेचाळीस. संख्या जुळल्याशिवाय पथक हलवायचं नाही, हा नियम. सर्वेशने सरांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. सरांनी टोपी काढली, अर्धं मिनिट खाडीकडे बघितलं, टोपी परत घातली.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण यादीत त्या उशिरा येणार आहेत."

"सर, ती येणार नाही."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. यादीला कसं कळणार?"

नाव कमी करायला जिल्हा कार्यालयाचं पत्र लागतं, आणि शनिवार-रविवार कार्यालय बंद. सर्वेशने फोनवर मृत्यूचा दाखला दाखवला. सरांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि सांगितलं, की यात मृत्यूची नोंद आहे, गैरहजेरीची नाही. तोवर दोन बोटी निघून गेल्या होत्या, डब्यातले पोहे गार झाले होते, आणि शिबिराची वाट लागली असं लोक मोठ्याने म्हणू लागले होते. शेवटी सरांच्या मदतनीस प्रेमा मॅडमनी तोडगा काढला. डोकी मोजण्याऐवजी नावं पुकारावीत, आणि आईच्या नावाला मुलीने 'हजर' म्हणावं. एका माणसाने दोनदा हजर राहू नये, असं नियमात कुठंच नव्हतं.

सर्वेश नको म्हणेपर्यंत सरांनी पुकारलंसुद्धा, "रुचिरा सर्वेश परब."

"हजर," अबोली म्हणाली.

संख्या जुळली आणि पथक बोटीत बसलं.

हजर माणसाला काम द्यावं लागतं. दुपारच्या जेवणासाठी रुचिराच्या वाट्याला कांदे आले. घरगुती बाब म्हणून सरांनी बाकी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे कांद्यांच्या राशीपाशी एकटीच बसलेली शुभा, पथकातल्या एका मुलाची आई, भडकली. आम्ही इथे डोळे फोडून घ्यायचे आणि ही बाई तंबूत लोळणार, असं तिचं म्हणणं. रुचिराला लेखी ताकीद देण्यात आली. ताकीद अबोलीने घेतली, कांदेही तिनेच चिरले. संध्याकाळी आयांच्या रस्सीखेचीत रुचिराचा गट हरला, तेव्हा तिने मनापासून ओढलं नाही, यावर गटाचं एकमत झालं.

रविवारी आसपासची ठिकाणं बघायची होती. प्रत्येक ठिकाणी जाताना एक हजेरी आणि निघताना एक. चर्चपाशी हजेरी संपेपर्यंत आत प्रार्थना सुरू झाली. पॅगोड्यात शांतता पाळायची असल्यामुळे नावं पुकारता येईनात, म्हणून तो फाटकातून बघण्यात आला. किल्ला वेळेअभावी पाहिला असं समजण्यात आलं.

पॅगोड्याच्या फाटकापाशी शुभाने अबोलीला गाठलं. "तुझी आई आहे तरी कशी गं? दोन दिवसांत तोंड नाही दाखवलं."

सर्वेश मध्ये पडायला धावला, पण अबोलीने आधीच सांगायला सुरुवात केली होती. "उंच आहे. कांदा चिरताना दातांत पाव धरते. आणि फार हसली ना, की तिला उचकी लागते."

"अगंबाई," शुभा म्हणाली, "मला पण लागते."

मग उचकीवर काय करायचं यावर दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. पथकातल्या दोन मुली जवळ आल्या, त्यांनीही विचारलं. सर्वेश तिथेच थांबला. आठ महिन्यांत अबोली एका दमात इतकं बोलली नव्हती.

दरम्यान, शिबिरार्थी रुचिरा परब वारंवार जागेवर आढळत नाहीत, असा अहवाल सरांनी कर्तव्य म्हणून आदल्या दिवशीच पाठवला होता. मृत्यूसाठी सुट्टीत न उघडणारं जिल्हा कार्यालय बेशिस्तीसाठी उघडलं. परतताना मनोरीच्या धक्क्यावर सरांच्या फोनवर आदेश आला: सदर महिलेस बेशिस्त वर्तनामुळे शिबिरातून कमी करण्यात येत आहे. सरांनी तो सर्वांसमोर वाचला.

"बरंच झालं," कुणीतरी म्हणालं.

"ती आठ महिन्यांपूर्वी वारली," सर्वेश म्हणाला.

सरांनी फोन खिशात ठेवला आणि यादी काढली. हजेरी झाली. सत्तेचाळीस नावं, सत्तेचाळीस माणसं. दोन दिवसांतली पहिली बिनचूक हजेरी.

बोटीत सगळे अबोलीशी फार जपून वागले. एकीने चिक्की दिली, दुसरीने शाळा कशी चाललीय विचारलं. शुभा काहीतरी विचारायला पुढे झुकली आणि तोंड मिटून परत मागे बसली. अर्धी खाडी ओलांडल्यावर अबोलीने सर्वेशची बाही ओढली.

"बाबा, आता आईबद्दल कुणी काहीच विचारणार नाही?"

सर्वेशने बोटीत सगळीकडे नजर फिरवली. सगळी भली माणसं होती. एकेकाने नजर खाली वळवली. तुम्ही त्या बोटीत असतात, तर तुम्हीही हेच केलं असतंत, आणि घरी जाऊन सांगितलं असतंत, की आम्ही तो विषयच काढला नाही.