वालधुनीची मान्यताप्राप्त छटा

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आम्ही काही अधिकाऱ्यांनी १९९१ साली कलादालन काढलं. गावात कारखाने झाले होते, देऊळ होतंच, कला तेवढी राहिली होती. पाठोपाठ ‘निवासी चित्रकार’ ही योजना आली. चित्रकाराने दालनामागच्या खोलीत राहून चित्र काढायचं. पसंत पडलं तर ते दालनात कायमचं लागणार, नाहीतर खोली रिकामी.

निवड झाली जयदेवची. त्याच्या आईची, मोतीबाईची, वालधुनीकाठी भाजीची जमीन. नदीचं पाणी घालून भेंडी करपली, तेव्हापासून शेत पडीक. पोराला एकच ध्यास, ती नदी आहे तशी काढायची आणि आम्हा साहेबलोकांना तिच्यासमोर उभं करायचं. मुलाखतीत हे बोलला नाही हो, नाहीतर निवडला असता कशाला?

कला आम्हाला नवी, पण व्यवस्थापन नाही. त्याला जनरल शिफ्ट दिली, हजेरीचं कार्ड दिलं, सेफ्टी शूज दिले. विचार करत बसलेला आढळला की मेमो. तयार माल तपासायला रंगाच्या कारखान्यातले आमचे शरदचंद्र नेमले.

पहिलं चित्र आलं, त्यात नदी तांबडी. शरदचंद्रांनी रंगछटांचं शेड कार्ड घेतलं, चित्र जीपमध्ये घातलं आणि आम्ही पुलावर गेलो. नाकाला रुमाल लावून त्यांनी खाली पाहिलं. नदी हिरवी होती. चित्र रिजेक्ट.

काढलं तेव्हा लालच होती, असं जयदेव म्हणत राहिला. मग त्याने मुकाट्याने हिरवी काढली. तपासणीला गेलो तर नदी जांभळी. पुन्हा रिजेक्ट. नदी रंग का बदलते ते बघा, असं कोणी म्हणेल. अहो, दिवसभर नोकरीत तेच करतो, संध्याकाळी तरी माणसाला विरंगुळा नको का?

तिसऱ्या वेळी जयदेव थेट आमच्या सभेत आला. “साहेब, उद्या तुमच्याकडे कुठल्या रंगाची बॅच आहे ते आधी सांगा. मी तसं काढतो.”

शरदचंद्रांनी शेड कार्ड मिटलं. हा उद्धटपणा ठरला, पण त्यातूनच तोडगा निघाला. नदीचा जो रंग कधीच नसतो तोच द्यायचा, म्हणजे तपासणीची भानगड नको. निळा. जयदेव नाही म्हणाला आणि त्याच दिवशी पिशवी उचलून गेला. कॅनव्हास मात्र दालनाचा होता. विठ्ठलवाडीच्या सुदाम पेंटरने त्यावर निळा हात मारला आणि आपल्या मनाने दोन बदकं घातली.

चित्राच्या उद्घाटनाला सगळे म्हणाले, अगदी हुबेहूब. पोराचं चित्र लागलंय असं ऐकून मोतीबाईही आली होती. बराच वेळ बघत राहिली.

“ही कुठली नदी, साहेब?” तिने मला विचारलं.

“तुमचीच,” मी म्हणालो. म्हातारी निघून गेली. या लोकांना कलेतलं काय कळणार?

चित्राला मागणी मात्र अफाट आली. सुदाम आता प्रतीच काढतो. आमच्या घरी ते नदीकडच्या खिडकीवर ठोकलंय, ती तशीही उघडता येत नाही. परवा पाहुणे आले. वास कसला येतोय, म्हणाले. मी चित्राकडे बोट दाखवलं. वा, म्हणाले, आम्हालाही एक सांगा. तुमचीही प्रत मी धरूनच चाललोय. खिडकीचं माप तेवढं कळवा.